संदीपच्या नावाला ओ

साताऱ्याच्या माणसाला अमेरिका जवळ आणि जत लांब. माझ्या शाळेतल्या निम्म्या शिक्षकांची मुलं समुद्रापार आहेत. त्यांच्याकडे जाऊन आलेले लोक सहा महिने तिथल्या रस्त्यांचं कौतुक सांगतात आणि आपण ऐकून घ्यायचं. जतला जाऊन आलेला मात्र मला आजवर एकही भेटला नव्हता. सांगली जिल्ह्याचं ते शेवटचं टोक, पलीकडे कर्नाटक. तिकडे बघायला आहे काय, असं सगळे म्हणायचे आणि मीही म्हणायची. या जानेवारीत मी जतला जाऊन आले, तेही एक अमेरिकन आणि एक कॅनेडियन गाडीत घालून. गेलो होतो एका कामासाठी, बघायला म्हणून नव्हे. पण जे पाहिलं ते न गेलेल्यांना सांगावंसं वाटलं.

आधी पाहुण्यांची ओळख करून देते. वॉल्टर अमेरिकेचा, गॉर्डन कॅनडाचा. दोघं एकाच नदीच्या दोन काठांवर राहतात, मधे एक पूल आणि दोन देश. तीसेक वर्षांपूर्वी आफ्रिकेत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत हे दोघं होते आणि माझा थोरला भाऊ, आनंददादा, आपल्या पलटणीबरोबर तिथंच होता. कॅनडाचा राष्ट्रीय दिवस एक जुलैला, अमेरिकेचा चार जुलैला. मधले दिवस छावणीत या दोन देशांचे जवान एकमेकांना चिडवण्यात घालवायचे आणि शेवटी रस्सीखेच लावायचे. पंच म्हणून त्रयस्थ माणूस हवा, म्हणून दादाला उभं केलं. तेव्हापासून दोघं त्याला 'अंपायर' म्हणतात. दादा तेव्हा म्हणाला होता, तुमचे दोन दिवस मी पाहिले, आता माझा दिवस बघायला या. यायला त्यांना तीस वर्षं लागली. आले तेही संदीपची बातमी कळल्यावर.

संदीप दादाचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा. गेल्या फेब्रुवारीत सरहद्दीवरच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला, त्यात तो गेला.

मेढा

साताऱ्याहून मेढ्याला जाताना गाडीतच दोघांची जुंपली. वॉल्टरच्या शर्टाच्या खिशात त्यांच्या राज्यघटनेची छोटी पुस्तिका असते, आपल्याकडे काही म्हातारे हरिपाठ ठेवतात तशी. त्यानं ती मला काढून दाखवली. गॉर्डन मागून म्हणाला, "आमची खिशात मावत नाही. अर्धी तर लिहिलेलीच नाही."

"न लिहिलेली घटना म्हणजे गप्पा," वॉल्टर म्हणाला.

"आमच्या मूळ घटनेत पंतप्रधान हा शब्दच नाही. तरी आमच्याकडे पंतप्रधान असतो आणि तो हरला की घरी जातो. लिहावं लागत नाही."

मग स्वातंत्र्यावर आले. वॉल्टरचं म्हणणं, आम्ही राजाशी लढून घेतलं. गॉर्डनचं म्हणणं, आम्ही मागितलं, वाट पाहिली आणि मिळालं, उगाच दारूगोळा कशाला वाया घालवा. त्यावर वॉल्टरनं त्याला नाण्यावर अजून राजाचं तोंड असल्याची आठवण करून दिली. आपल्याकडे पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी असे दोन दिवस आहेत हे ऐकल्यावर तर दोघांनी वाटणीच करून टाकली. पंधरा ऑगस्ट वॉल्टरनं घेतला, कारण तो स्वातंत्र्याचा. सव्वीस जानेवारी गॉर्डननं घेतला, कारण एक जुलैलाही त्यांच्याकडे कायदाच लागू झाला होता.

मी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलेली बाई. मला गप्प बसवेना. म्हटलं, "आमच्या घटनेत मूलभूत हक्क अमेरिकेकडून घेतलेत आणि बळकट केंद्राचं संघराज्य कॅनडाकडून. हे मी मुलांकडून पाठ करून घेत असे. तेव्हा भांडू नका, तुम्ही दोघंही आमचे देणेकरी नाही, आम्हीच तुमचे." दोघं जरा वेळ खूश झाले. मग आधी कुणाकडून घेतलं यावर पुन्हा सुरू.

आमचं गाव मेढ्याच्या वर, डोंगराच्या अंगाला आहे. घरटी एक माणूस फौजेत. दादा अंगणात उभा होता, स्वेटरवर कोट, पायांत पॉलिश केलेले बूट. वर्षभरात तो दहा वर्षांनी म्हातारा झालाय, पण पाठ अजून ताठ आहे. दोघांना पाहिल्यावर त्यानं आधी सलाम ठोकला आणि मग म्हणाला, "काय रं, दोघंबी अजून जित्तं हायसा?" त्यांना शब्द कळला नाही, पण तिघांनी एकमेकांना धरलं ते बराच वेळ सोडलं नाही. मी आत जाऊन चुलीवर चहा ठेवला. मला बाहेर थांबवेना.

जेवताना दादानं त्यांना हजेरी समजावून सांगितली. त्याचं इंग्रजी पलटणीतलं, अडलं की मी जोड देत होते. न गेलेल्यांसाठी मलाही ती सांगायला हवी, कारण ही रीत आमच्या गावाबाहेर मी कुठं पाहिलेली नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की गावातला सर्वांत जुना फौजी झेंड्याखाली उभा राहतो आणि गावच्या फौजींची हजेरी घेतो. वरच्या आळीपासून सुरुवात, घरामागून घर. कागद नाही, सगळी नावं तोंडपाठ. जवान सीमेवर असतो, म्हणून त्याच्या नावाला घरचं माणूस ओ देतं. आई, बाप, बायको, जे असेल ते मोठ्यानं म्हणतं, "हजर." जे लढाईत गेले त्यांचंही नाव पुकारतात, त्यांनाही घरचंच माणूस ओ देतं. पणजोबांच्या वेळचे गेलेले जवान अशा रीतीनं आजही हजर असतात. आणि ज्या नावाला ओ येत नाही, ते पुढच्या वर्षीपासून घेत नाहीत. त्या नावाचा कुणी निकाल लावत नाही, ते आपोआप गळतं.

सध्या पुकारणारा दादा आहे. पुकारणाऱ्यानं ओ द्यायची नाही. वहिनी संदीपच्या लग्नाआधीच गेली. उरली संदीपची बायको रेणुका. ती वर्षश्राद्धाचीही वाट न पाहता उन्हाळ्यात जतला माहेरी गेली, ती परत आली नव्हती.

"ताई देईल की ओ," गॉर्डन माझ्याकडे पाहून म्हणाला. दादा मला लाडानं ताई म्हणतो, म्हणून गॉर्डनही ताईच म्हणतो.

"लेक दिल्या घरची," दादा म्हणाला. "हितल्या नावाला तिची ओ चालत न्हाई."

हे मला लहानपणापासून माहीत आहे आणि लहानपणापासून त्याचा राग आहे. पण त्या वेळी मी त्याच्या ताटात नुसती भाकरी वाढली.

वॉल्टरनं खिशाला हात लावला. "हे कुठं लिहिलंय?"

"लिवायचं कशाला? समद्यांना म्हाईत हाय."

"मग दुरुस्ती करा. आम्ही सव्वादोनशे वर्षांत सत्तावीस केल्या."

"लिहिलेलंच नाही तर दुरुस्ती कशात करणार?" गॉर्डन म्हणाला. "असल्या गोष्टी कुणी बदलत नाही. कुणीतरी एकदा वेगळं वागतं आणि बाकीचे तिकडे बघत नाहीत."

एरवी दादा या दोघांत पंच म्हणून बोट वर करायचा. त्या दिवशी ताटात बघत राहिला. "मी पुकारणार," तो म्हणाला. "येकडाव. ओ आली न्हाई तर म्होरल्या घराकडं जाणार."

"आणि पुढच्या वर्षी, दादा?" मी विचारलं.

त्यानं ताट उचललं आणि बाहेर मोरीकडे गेला. "फुडच्या वर्साला नाव न्हाई," तो तिकडून म्हणाला. मुलगा गेला तेव्हा सगळ्या गावासमोर तो उभा राहिला होता. पण मुलाचं नाव आपल्याच तोंडानं पुकारून आपल्याच कानांनी शांतता ऐकायची, याला मात्र तो घाबरला होता. मला ते स्पष्ट दिसलं. मी ठरवलं, रेणुकाला आणायला जायचं. दोघं म्हणाले, आम्हीही येतो. दादाला आम्ही फक्त मुलूख बघायला चाललोय असं सांगितलं. त्यानं विचारलं नाही आणि त्याला पटलंही नाही.

म्हसवड

साताऱ्याच्या पूर्वेला निघालं की ऊस मागे पडतो, मग ज्वारी दिसते, मग ज्वारीही विरळ होते आणि माळ सुरू होतो. एकाच जिल्ह्यात दोन देश आहेत आणि मधे पूलसुद्धा नाही. आमच्या मेढ्याकडे पावसात कपडे वाळत नाहीत; इकडे माण तालुक्यात लोक ढगांकडे परक्यासारखे बघतात. गॉर्डन काचेला नाक लावून बसला होता. त्याला बर्फ सोडून इतका मोकळा मुलूख बघायची सवय नव्हती.

म्हसवडला सिद्धनाथाचं दर्शन घेतलं. देवळात मी नवस बोलले नाही, मागणं काय मागावं हेच कळेना. बाई परत यावी म्हणावं, तर ते तिच्या भल्याचं आहे की आमच्या, हे कुणी सांगावं?

बाहेर रस्त्याकडेला एका शेतकऱ्यानं हुरडा भाजायला घेतला होता. गरम कोवळे दाणे हातावर चोळून दिले, बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. नंतर त्याच्या बायकोनं भाकरी आणि मिरचीचा खर्डा आणला. वॉल्टरनं खर्डा मुरांब्यासारखा भाकरीभर पसरला आणि मी हात आडवा घालेपर्यंत मोठा घास घेतला. मग जे व्हायचं ते झालं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, बोलता येईना. ती बाई घाईनं गूळ घेऊन आली आणि म्हणाली, "आवं पावनं, चाटून बगायचं आसतं, लिंपायचं न्हाई."

"म्हणून आम्ही आधी समिती नेमतो," गॉर्डन म्हणाला. अख्ख्या प्रवासात आम्ही तिघं मनापासून हसलो ते तेवढंच.

पुढे आटपाडीच्या वाटेवर मी त्यांना रेणुकाचं सांगितलं. संदीपच्या तुकडीत जतचा एक दोस्त होता, त्याची ही बहीण. संदीप एकदा त्याच्या घरी गेला आणि येऊन म्हणाला, करीन तर हिच्याशीच. तिच्या घरचे मेंढरं राखणारे, कानडी बोलणारे, आमचे ऊसवाले-फौजवाले. गावात कुजबुज झाली. दादानं कुणाचं ऐकलं नाही. पण बायका पाणवठ्यावर तिला 'जतची' म्हणायच्या, नावानं कुणी हाक मारायचं नाही. संदीप गेल्यावरही बायका भेटायला आल्या त्या 'संदीपची बायको कशी हाय' असं दादाला विचारायच्या. ती तिथंच बसलेली असायची.

वॉल्टरनं विचारलं, "आणि तिला परत आणून तिच्याकडून एक शब्द म्हणवून घ्यायचाय?"

मला त्याचा राग आला. खरं बोलला म्हणून आला.

जत

वस्ती जतच्याही पुढे. गेला पावसाळा ओढ देऊन गेला होता. आम्ही पोचलो तेव्हा टँकर आला होता आणि सगळी वस्ती पिंपं, घागरी, डेचक्या घेऊन उभी होती. रेणुका टँकरच्या नळीपाशी होती. पदर खोचलेला, हात ओले. मला पाहून ती थबकली. मग म्हणाली, "आत्या, बसा. येवडं भरून घेते." नळी सुटली तर पाणी वाया जाणार, हे मलाही कळत होतं. वॉल्टर आणि गॉर्डन न सांगता पुढे झाले आणि घागरी उचलू लागले. दोघांत कुणी जास्त खेपा केल्या यावर वाद होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही.

तिची आई, कल्लव्वा, माझ्याशी मराठीत आणि मेंढरांशी कानडीत बोलत होती. हुलग्याच्या पिठाचं पातळ, कढत माडगं प्यायला दिलं, वर दुधाची धार. आमच्याकडे पाहुणा आला की चहा आधी येतो. तिथं आधी पाण्याचा तांब्या येतो, आणि तो देताना माणूस तांब्याकडे नाही, पाहुण्याच्या तोंडाकडे बघतो. मी घोटभरही सांडू दिलं नाही.

दिवस कलताना मेंढरं वाड्यात आली. घोंगड्यावर आम्ही सगळे बसलो. मी किती तरी वाक्यं मनात जुळवून आणली होती. प्रत्यक्षात एवढंच म्हटलं, "रेणुका, सव्वीसला हजेरी आहे."

"म्हाईत हाय."

"दादाला पुकारावं लागणार."

"त्येबी म्हाईत हाय." तिनं घोंगड्याची कड सरळ केली. मग म्हणाली, "आत्या, मागल्या सव्वीसला मीच ओ दिली व्हती. तुमी न्हवता. पयलीच येळ माजी. लय मोठ्यांदा म्हनलं मी, हजर. बायका हासल्या. मला वाटलं, हासूद्यात, त्येस्नी बर्फात ऐकू गेलं आसंल. आन् पंधरवडा झाला न्हाई तवर…"

 कल्लव्वानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हजर म्हनायचं म्हंजी हाय म्हनायचं," रेणुका म्हणाली. "तवा ते हुते, तर म्हनलं. आता न्हाईत. न्हाई त्याला हाय कसं म्हनू? तुमी शाळंत शिकवलंय, तुमी सांगा."

मला खूप काही सांगता आलं असतं. ती एक रीत आहे, त्याचा शब्दशः अर्थ घ्यायचा नसतो, आठवणीत माणूस हजर असतो, वगैरे. वर्गात मी सांगितलंही असतं. तिच्यासमोर ते सगळं पोकळ वाटलं. 

दोघांना काय चाललंय ते सांगावं म्हणून मी हळूच भाषांतर केलं. ते झाल्यावर रेणुकानंच विचारलं, "त्येंच्यात गेलेल्याचं नाव घेत्यात का? इचारा."

वॉल्टर आधी बोलला. त्याच्याकडे तुकडीतला जवान गेला की सगळे एकत्र उभे राहतात आणि सार्जंट हजेरी घेतो. जिवंत माणसं ओ देतात. मग गेलेल्याचं नाव पुकारतात. उत्तर येत नाही. पुन्हा पुकारतात. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा पूर्ण नावानं पुकारतात आणि थांबतात. त्याच्या जागी कुणीही बोलत नाही. "ती शांतता सगळ्यांनी ऐकायची असते," तो म्हणाला. "आफ्रिकेत आमचा एक पोरगा गेला, तेव्हा अंपायर माझ्या शेजारी उभा होता."

हे मला माहीत नव्हतं. दादानं कधी सांगितलं नव्हतं. 

मग गॉर्डननं अकरा नोव्हेंबरचं सांगितलं. त्या दिवशी सकाळी त्याच्या देशात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं सगळे गप्प उभे राहतात. वॉल्टरच्या देशात तोच दिवस, पण तो जे परत आले त्यांच्या मानाचा. "त्या दिवशी आम्ही भांडत नाही," गॉर्डन म्हणाला. "सकाळी हा पूल ओलांडून माझ्याकडे येतो आणि गप्प उभा राहतो. दुपारी मी याच्याकडे जेवायला जातो. गेलेले सकाळी, उरलेले दुपारी."

रेणुकानं माझं बोलणं नीट ऐकून घेतलं. मेंढरांच्या वाड्याकडे बघत म्हणाली, "म्हंजी त्येंच्यात खरं बोलत्यात." आणि उठून चुलीकडे गेली. मी समजले, आपलं काम झालं नाही. वॉल्टरला म्हटलं, सकाळी लवकर निघू.

सकाळी गाडी वळवली तर रेणुका पिशवी घेऊन उभी. कल्लव्वानं तिच्या हातात माडग्याचं पीठ बांधून दिलं होतं. रेणुका पुढचं दार उघडून बसली आणि म्हणाली, "मी येते, आत्या. पर काय म्हनीन ते आताच सांगत न्हाई. मलाच म्हाईत न्हाई."

परत येताना गाडीत कुणी घटनेचं नाव काढलं नाही.

झेंड्याखाली

रेणुकाला दारात पाहून दादानं एवढंच विचारलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, "व्हय, मामा." आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. तिनं माडग्याचं पीठ डब्यात भरलं, घर झाडलं. हजेरीचा विषय तिनंही काढला नाही आणि दादानंही नाही.

सव्वीसला सकाळी धुकं होतं. शाळेसमोर खांबाच्या टोकाला गुंडाळलेला झेंडा, त्यात फुलं. दादानं दोरी ओढली, झेंडा उलगडला, पाकळ्या खाली आल्या. मुलांनी उद्देशिका म्हटली. 'आम्ही भारताचे लोक' या शब्दांशी वॉल्टर ताठ झाला, कारण त्यांच्या घटनेची सुरुवातही अशीच आहे आणि आमची कशी म्हणतात ते मी त्याला गाडीत सांगितलं होतं. त्यानं गॉर्डनकडे बघितलं. गॉर्डन समोर बघत राहिला.

मग दादा झेंड्याखाली आला. कोटावर पदकं, डोक्यावर पलटणीची टोपी. पुकारा सुरू झाला. वरच्या आळीतून एकेक नाव आणि एकेक हजर. कुणाची आई, कुणाचा म्हातारा बाप, काठीवर वाकलेला, पण आवाज खणखणीत. मी आजवर ही हजेरी बायकांच्या बाजूनं पाहत आले, आणि प्रत्येक वेळी मला अभिमानच वाटत आला. या वेळी एकेक नाव आमच्या घराकडे सरकत होतं आणि मी मधली घरं मोजत होते.

"संदीप आनंदराव," दादानं पुकारलं.

ओ आली नाही. रेणुका माझ्या शेजारी उभी होती. तिचे ओठ मिटलेले. एकदाच पुकारायचं, मग पुढचं घर. दादानं पुढच्या घराकडे तोंड वळवलं आणि पुन्हा सरळ केलं.

"संदीप आनंदराव."

लोकांत चुळबूळ झाली. असं कधी होत नाही. वॉल्टरनं डोक्यावरची टोपी काढली, त्याच्या पाठोपाठ गॉर्डननं.

तिसऱ्यांदा दादानं हुद्दा, पलटण, सगळं लावून नाव पुकारलं. शेवटी आवाज फाटला. तीस वर्षांपूर्वी परक्या मुलासाठी ऐकलेली हजेरी तो स्वतःच्या मुलासाठी घेत होता, हे त्या मैदानात आम्हा चौघांनाच कळलं. मग शांतता झाली. मी ती ऐकली. सगळ्यांनी ऐकली.

रेणुका दोन पावलं पुढे गेली.

"ते न्हाईत, मामा," ती म्हणाली. "मी हाय."

वरच्या आळीतला एक म्हातारा खाकरला. "आसं चालतं व्हय?" कुणीतरी त्याचा हात दाबला. दादा तिच्याकडे बघत होता.  मला वाटलं, आता हा खाली बसतो. पण त्यानं टोपी सारखी केली, टाचा जुळवल्या आणि त्याच पुकाऱ्याच्या आवाजात, साऱ्या गावासमोर, नाव घेतलं.

"रेणुका संदीप."

"हजर."

आणि दादा म्होरल्या घराकडे गेला. पुढचं नाव, पुढची ओ. ते नाव कायमच तिथं होतं असं वाटावं, अशी हजेरी पुढे चालू राहिली. मी पदर तोंडाला लावून रडले. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

पाहुण्यांना साताऱ्याला सोडायला निघाले. घाट उतरल्यावर वॉल्टर म्हणाला, "दुरुस्ती झाली."

"कुणी काही लिहिलं का?" गॉर्डन म्हणाला.

वॉल्टरनं खिशाला हात लावला आणि तसाच खाली घेतला. वाद तिथंच राहिला.

रेणुका आणखी दोन दिवस राहिली. जतच्या तिच्या घरी मेंढरं आहेत, आई एकटी आहे, तिला जायचंच होतं आणि आम्ही अडवलं नाही. मेढ्याच्या स्टँडवर दादा तिला सोडायला आला होता, मी बरोबर. वाटेत पाणवठ्यावरच्या एका बाईनं हाक मारली, "निगालीस व्हय गं रेणुका?" रेणुकानं वळून पाहिलं आणि मान हलवली.

गाडी लागली. पिशवी वर चढवून दादा खालीच खिडकीपाशी उभा राहिला.  शेवटी खिडकीच्या गजाला धरून म्हणाला, "म्होरल्या साली…"

"तुमी पुकारा, मामा," ती म्हणाली. "मी आसन."